उसनं नाक

किराणा दुकानदाराकडे माणसं काय उसनं मागतील याचा नेम नसतो. शिडी मागतात, तराजू मागतात, लग्नघरी भात शिजवायला मोठा गंज मागतात. धानोऱ्यात दुकान टाकून माझं अर्धं आयुष्य गेलं, या सगळ्या वस्तू देऊन झाल्या आणि निम्म्या परतही आल्या. पण नाक उसनं मागणाऱ्या बाई एकच भेटल्या. माझ्या गोदामाच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या सिस्टरबाई. सकाळी मी शटर उचलतो न उचलतो तोच मागच्या झरोक्यातून हाक यायची, “रहीमभाऊ, नाक द्या जरा.”

लोबान लावायच्या आधीच जावं लागायचं. लोबानाचा धूर एकदा नाकात गेला की बाईंच्या मते माझं नाक दिवसभरासाठी बाद. मी कुरकुरत जायचो. त्यांच्या मागच्या खोलीत बदकाची पिलं असायची, तिथे एक ठेंगणा पाट मांडलेला असायचा. त्यावर बसायचं, मान पार खाली न्यायची, पिलांच्या उंचीवर नाक आणून श्वास घ्यायचा. मग बाई म्हणायच्या, “बोला.” मी म्हणायचो, “काई नाई.” नाहीतर, “खिडकीकडच्या कोपऱ्यात ओला हाये.” एवढ्या दोन शब्दांसाठी माझ्या वयाचा माणूस गुडघे मोडून बसायचा आणि गिऱ्हाईक बाहेर ताटकळायचं. माझी बायको रेहाना म्हणायची, लोकांचे नवरे रक्तदान करतात, आमचे नाकदान करतात.

बाईंचं नाव कमल रामटेके. पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सारी नोकरी त्यांनी धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली. त्या भागातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जगात आली. निवृत्त झाल्या, पण घड्याळ तसंच मनगटाच्या आतल्या बाजूला राहिलं आणि जगाकडे बघायची रीतही तीच राहिली. समोर आलेला प्रत्येक जण आधी पेशंट, मग माणूस. माझे कांदे सडले तर त्या कांद्यांकडे बघून विचारायच्या, “कवापासून असं हाये?” एकदा एसटीचा कंडक्टर त्यांच्याशी सुट्ट्यासाठी हुज्जत घालत होता. सगळं ऐकून घेतल्यावर बाई त्याला म्हणाल्या, “जीभ दाखव.” आणि त्यानं दाखवली.

आता मूळ गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवून पुढचं काही कळणार नाही. बाईंना वास येत नव्हता. करोनाच्या साली ताप आला, तो गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. इतरांचं महिन्या-दोन महिन्यांत परत आलं, यांचं आलंच नाही. यजमान त्याआधीच वारले होते. मुलगा सुमेध नागपूरला इंजिनिअर, दर फोनला एकच घोशा, आई, चल. शेवटी मायलेकांत ठरलं होतं की ज्या दिवशी एकटीनं जमेनासं होईल त्या दिवशी बाई काही न बोलता नागपूरला जातील. बाई शब्दाच्या पक्क्या. आणि नाक नसलेली बाई, घरात एकटी, स्वयंपाकघरात सिलिंडर, असा पेशंट त्यांच्यासमोर आला असता तर त्यांनीच त्याला एकटं राहू दिलं नसतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. मलाही नाही.

सुरुवात तर आमची भांडणानंच झाली. जंगलातल्या एका गावची सोमीबाई, जिची चारी लेकरं सिस्टरबाईंच्या हातची, तिनं प्रेमानं बदकाची अंडी आणून दिली. बाईंनी ती खुडूक कोंबडीखाली बसवली. पिलं निघाली. बाहेर मांजर, मुंगूस, थंडी, म्हणून पंख फुटेस्तोवर त्यांना यजमानांच्या रिकाम्या खोलीत ठेवलं. ती खोली नेमकी माझ्या गोदामाला लागून. आठवडा गेला नाही तोच माझ्या गोदामात वास शिरला. आता डाळीचं एक वेळ ठीक आहे. चहापत्ती मात्र आजूबाजूचा वास असा धरून ठेवते की उकळलं तरी सोडत नाही. दोन गिऱ्हाइकांनी पुडा परत आणला. मी तणतणत गेलो.

“सिस्टरबाई, तुमच्या बदकांचा वास माह्या चहात उतरून राह्यला.”

“बसा,” बाई म्हणाल्या. चष्मा लावला. “कवापासून?”

“परवापासून.”

“सकाळी जास्त का दुपारी?”

“सकाळी. शटर उघडलं का भपकन येते.”

“मंजे रातभर कोंडते. बरं, ओला येते का झणझणीत?”

“आता वासाचे बी प्रकार असते का बाई?”

“असते न. ओला मंजे सडल्या धानाचा. झणझणीत मंजे डोळ्यात पाणी आणते तो.”

मी विचार केला. “दोनी येते.”

“दोनी,” बाई गंभीरपणे म्हणाल्या, जणू मी एकाच वेळी मलेरिया आणि टायफॉइड सांगितला होता. मी भांडायला गेलो होतो आणि स्वतःची केस देऊन परत आलो. तेव्हा मला वाटलं बाई वेड पांघरून पेडगावला चालल्यात. वास त्यांना खरंच येत नव्हता, म्हणून माझ्याकडून काढून घेत होत्या, हे माझ्या टाळक्यात कुठून शिरणार.

पण केस त्यांनी मनावर घेतली. त्या खोलीला त्या वॉर्ड म्हणायच्या आणि वॉर्डाचा सकाळ-संध्याकाळ राउंड व्हायचा. पहिल्याच दिवशी निदान झालं की सगळ्या घाणीचं मूळ पाणी. बदकाचं पिलू पाणी पितं कमी आणि सांडतं जास्त. खाली अंथरलेला धानाचा भुसा भिजतो, त्यात त्यांची घाण मिसळते, आणि मग तो वास उठतो. बाईंनी पाण्याला अरुंद तोंडाचं भांडं आणलं, चोच आत जाईल पण अख्खं पिलू जाणार नाही असं. ते जाळीवर ठेवलं आणि जाळीखाली घमेलं. सांडलं ते घमेल्यात. रोज राउंडला भुसा मुठीत घेऊन दाबायचा, गोळा झाला की तेवढा भाग उचलून मागच्या खड्ड्यात टाकायचा, वर माती ओढायची. मग कोरडा भुसा पसरायचा. छताजवळचे दोन्ही झरोके उघडे आणि खाली पोत्याचा पडदा. “वारा डोक्यावरून गेला पाहिजे,” त्या म्हणायच्या, “पाठीवरून नाई. लेकरं हायेत.”

शेवटी त्या पाटावर बसायच्या आणि डोळे मोठे करून तशाच बघत राहायच्या, पापणी न लववता. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार. तर म्हणाल्या, “नाक फसवते रहीमभाऊ. सवय झाली का घाणीतल्या माणसाले घाण येतच नाई. डोळ्याले मात्र झोंबते ते झोंबतेच.” मला हे इतकं पटलं की मी गिऱ्हाइकांनाही ऐकवलं. माझा वास गेला, चहापत्ती सुधारली, पुढे ती बदकं अंडी घालायला लागली तशी दर आठवड्याला माझ्या घरीही अंडी येऊ लागली. भांडण मिटलं ते असं.

थंडी सरता सरता सुमेध आला. पोरगा चांगला आहे. माझ्या दुकानातली बिस्किटं खाऊन मोठा झालाय, अजून मला काका म्हणतो. त्यानं येताना खोलीत मारायचा सुगंधी फवारा आणला होता. आईच्या वॉर्डात गेला आणि चारी कोपऱ्यांत फुसफुस मारला. पिलं शिंकायला लागली. बाई धावत आल्या.

“छान वाटते न आई आता?” सुमेध म्हणाला.

बाईंनी त्याच्या हातातला डबा घेतला, हात लांब करून वाचला आणि मग म्हणाल्या, “हो, गुलाब चांगला हाये.” लगेच आवाज चढला. “पण लेकरांच्या छातीत जाते हे. वास हा रोग नाई, लक्षण हाये. लक्षणावर अत्तर मारून कोणता पेशंट बरा झाला?”

मी दारात उभा होतो. आधी वाचलं आणि मग कौतुक केलं, हे मी पाहिलं. पाहिलं आणि विसरलो. रेहानानं मात्र एकदा म्हटलं होतं की सिस्टरबाई भाजीत मीठ औषधाच्या चमच्यानं मोजून टाकतात, कधी चव घेऊन बघत नाहीत. घरातला सिलिंडर त्यांनी कोणाला तरी देऊन टाकला होता. चुलीवरची भाकरच गोड लागते म्हणायच्या. आम्हाला वाटलं, नर्सबाईंची म्हातारपणची हौस.

जाताना सुमेधनं मला बाजूला घेतलं. “काका, आईवर लक्ष असू द्या. ती काई सांगत नाई. तुमाले काई दिसलं त मले फोन करा. लपवू नका.” मी म्हटलं, “तुले फोन नाई करीन त कोणाले करीन?” आणि तसं म्हणताना माझ्या मनात काडीचंही खोटं नव्हतं.

मग मोहाचा हंगाम आला आणि सगळं बाहेर पडलं.

आमचा गडचिरोली जिल्हा दारूबंदीचा. पण जंगलात मोहाची झाडं काही बंदी मानत नाहीत. फुलं पडतात, घरोघरी वाळतात, विकली जातात, आणि कोणी ना कोणी मडक्यात भिजवून सडवा घालतोच. सडवा म्हणजे दारूच्या आधीची आंबलेली फुलं. आमच्या मोहल्ल्यातल्या बायांची समिती होती, सडवा शोधायचा आणि भर रस्त्यात ओतून द्यायचा. अध्यक्ष कोण, तर सिस्टरबाई. ताप यायच्या आधी त्यांचं नाक अख्ख्या तालुक्यात गाजलेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून सांगायच्या, तिसऱ्या घरी, न्हाणीमागे. तिथे खणलं की निघायचंच. बायांना अजूनही वाटायचं, बाई सोबत आहेत म्हणजे नाक सोबत आहे.

त्या वर्षी सोमीबाईनं वाळलेल्या मोहाची एक चुंगडी, म्हणजे पोतं, बाजाराच्या दिवसापर्यंत बाईंच्याच वॉर्डात ठेवली. पिलं आता बरीच मोठी झाली होती, चोचा चालायच्या. त्यांनी चुंगडीचा कोपरा फाडला. फुलं घरंगळत पाण्याच्या भांड्याशी गेली, घमेल्यात पडली, आजूबाजूच्या भुशात मुरली. चुंगडीआडच्या भुशापर्यंत राउंडची मूठ पोचली नाही, आणि बाई आपल्या शिस्तीप्रमाणे रोज वरून कोरडा भुसा पसरत राहिल्या. उन्हाळ्याचे दिवस. खाली आपोआप सडवा तयार झाला, तोही झाकणासकट.

एका दुपारी समितीच्या बाया माझ्या दुकानासमोर उभ्या. पुढे सिस्टरबाई, पदर कमरेला खोचलेला. मागे वनिता, आमच्या मोहल्ल्यातली तरणी, चटपटीत बाई.

“रहीमभाऊ,” सिस्टरबाई म्हणाल्या, “तुमच्याकडून हे नोतं वाटलं.”

“काय केलं मी?”

“सारी गल्ली वासानं भरली. सगळ्यात जास्त तुमच्या गोदामात.”

मला सकाळपासून वास येत होताच. मीही गल्लीतल्या दोघातिघांवर मनातल्या मनात संशय घेऊन बसलो होतो. “बाई, मी पाच वक्त नमाज पढणारा माणूस. सडवा काऊन घालीन?”

“नमाजी हा त चुंगड्या हलवा.”

सगळं गोदाम बाहेर आलं. तांदूळ, तूरडाळ, साबण, पेंड. बाई मध्ये उभ्या राहून अधूनमधून नाक वर करायच्या आणि मान हलवून म्हणायच्या, “हो, येते. इथंच कुठी हाये.” काही निघालं नाही. मी घामाघूम झालो होतो आणि मनातून पेटलो होतो. तेवढ्यात वनिता नाक फुगवत मागच्या भिंतीपाशी गेली, खोक्यावर चढली आणि झरोक्यातून पलीकडे डोकावली. खाली उतरून तिनं पदर नाकाला लावला. मग म्हणाली, “बाई, तुमच्या घरी चला.”

आम्ही सगळे वॉर्डात गेलो. एक बदक भिंतीला टेकून बसलं होतं आणि डोळे मिटत होतं. दुसरं चालायला उजवीकडे निघायचं आणि डावीकडे पोचायचं. तिसरं बाईंच्या चपलेत पाणी शोधत होतं. वनितानं पायानं भुसा सरकवला आणि खालून फसफसतं, पिवळं पाणी वर आलं. बाया आधी पोट धरून हसल्या. दारूबंदीच्या अध्यक्षांची बदकं झिंगलेली, हे दृश्य रोज बघायला मिळत नाही.

मग वनितानं सहज विचारलं, “पण बाई, तुमच्याच घरात एवढा वास, अन् तुमाले नाई आला?”

हसणं थांबलं. सगळ्या बाईंकडे बघायला लागल्या. बाईंनी सडव्याकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्या जवळ सरकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “रहीमभाऊ, खरंच येऊन राह्यला का?”

ही बाई नदीला पूर असताना बाळंतिणीसाठी डोंग्यात बसून गेलेली. नक्षल्यांच्या गोष्टी ऐकून आमच्यासारखे दुकानदार घराबाहेर पडत नव्हते तेव्हा रानातून एकटी चालणारी. तिच्या डोळ्यांत मी त्या दिवशी भीती पाहिली. आणि एकदम सगळं उमगलं. चूल, मिठाचा चमचा, गुलाबाचा डबा, पाटावर बसून मोठे केलेले डोळे. बाईंनी सुमेधला दिलेला शब्दही आठवला, आणि माझाही. त्या बायांपैकी दोघींकडे सुमेधचा नंबर होता, गोष्ट संध्याकाळपर्यंत नागपूरला पोचली असती.

“सर्दी हाये बाईले,” मी मोठ्यानं म्हटलं. “परवापासून माह्याकडच्याच गोळ्या खाऊन राह्यल्या. गळा बी बसला.”

बाई लगेच खोकल्या. एवढं वाईट खोटं खोकताना मी कोणालाच ऐकलं नाही. पण बायांना पटलं. मग समितीच्या रिवाजाप्रमाणे सडवा रस्त्यावर ओतायचा होता, आणि तो अध्यक्षांच्याच हातून ओतला गेला. बाईंनी स्वतःच्या घरचं घमेलं चौकात नेऊन, दुसऱ्या कोणाचं असतं तर जेवढ्या रागानं उलटं केलं असतं तेवढ्याच रागानं उलटं केलं. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी त्या दुकानात आल्या आणि तांदळाच्या पोत्यावर बसल्या. सगळं सांगितलं. मी म्हटलं, “सुमेधले सांगा.”

“सांगितलं त उद्या गाडी घेऊन येईल तो.”

“मंग जा. पोरगा चांगला हाये.”

“पोरगा चांगलाच हाये. सूनही चांगली हाये. पण इथी मी सिस्टर आहो, रहीमभाऊ. रस्त्यानं चालली त लोक पोटं दाखवते, पोरं दाखवते. तिथी मी चौथ्या मजल्यावरची सुमेधची आई.”

“मंग बदकं त देऊन टाका. कायले हा ताप?”

“तीच त ठेवाची हायेत,” बाई म्हणाल्या. “ती हायेत म्हणून मले समजते, का अजून जमते. नाक नसतानी ती खोली कोरडी राह्यली, त मी एकटी राहू शकतो. ज्या दिवशी तिथी वास उठला अन् मले समजलंच नाई, त्या दिवशी मी आपणहून जाईन.” मग म्हणाल्या, “आज समजलं नाई. पण आजचं धरू नका. मोह हिशोबात नोता.”

“नाई धरत,” मी म्हटलं.

“मंग आता तुमचं नाक लागन मले. पण खरं सांगाचं. माह्या मनाले बरं वाटावं म्हणून सांगाल त ते नाक काई कामाचं नाई.”

अशी ती नाकदानाची सुरुवात. आणि नाक द्यायचं म्हणजे नुसतं द्यायचं नाही, ते बाईंच्या पसंतीचं असायला हवं. आमच्याकडे माणूस पाणी विसरेल पण खर्रा विसरणार नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पुडी माझ्या गालात सकाळपासून असायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “खर्ऱ्यानं मेलेलं नाक मले नको.” रेहाना लग्नापासून रडत होती खर्रा सोडा म्हणून, तिचं मी ऐकलं नाही. बदकांसाठी सोडला. हे रेहाना आजही चारचौघांत काढते आणि मला खाली बघावं लागतं.

मी कधी खोटं सांगितलं नाही. एकदा पावसाळ्यात माझा पाय मुरगळला होता, पाटावर बसवेना, तर उभ्यानंच वास घेऊन म्हटलं, काई नाई. बाईंनी वाकून भुसा मुठीत दाबला आणि गोळा माझ्यासमोर धरला. “तुमच्या उंचीवर नाई येत. त्यायच्या उंचीवर येते. ते काय उभे राहू शकते का तुमच्याएवढे?” मग एका हातानं माझा खांदा धरून त्यांनीच मला खाली बसवलं. दुपारी लेप लावायलाही त्याच आल्या.

एका संध्याकाळी मात्र हाक वेगळ्याच वेळी आली. गेलो तर नवीन पिलं निघालेली. बाईंनी एक पिवळं पिलू ओंजळीत धरून माझ्यापुढे केलं. “याच्या डोक्याचा घ्या.”

“कायले? हे त स्वच्छ हाये.”

“घाणीपुरतंच नाक हाये का तुमचं?”

मी घेतला. “पिलाचा येते.”

“असं नाई. नीट सांगा.”

आता काय सांगावं. मी पुन्हा हुंगलं. “भुशाचा येते. ऊन खाल्लेल्या कपड्याचा येते. अन् थोडा कच्च्या अंड्याचा.”

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग पिलाच्या डोक्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “कोणाले सांगतलं नाई आजपर्यंत. बाळ झालं, पुसलं, रडलं, का मायच्या हाती देण्याच्या आधी मी त्याची टाळू हुंगत जावो. दर बाळाची. नर्सिंगमंधी असं कुठी लिहिलेलं नाई. पण एक वास असते रहीमभाऊ तिथी. सारी नोकरी हुंगला, पण त्याले नाव नाई सापडलं मले. आता त तो याद बी येत नाई. घाणीचं काई नाई, घाण डोळ्यानं समजते. ते गेलं याचंच वाईट वाटते.” मी पिलू त्यांच्या ओंजळीतून काढून आईखाली ठेवलं आणि घरी आलो.

बाई आता नागपूरला आहेत, चौथ्या मजल्यावर. बदकं वनिताकडे गेली. तिचं नाक शाबूत आहे, त्यामुळे मला कोणी बोलावत नाही. सकाळी शटर उचलून मी आधी थोडा थांबतो आणि मग लोबान लावतो. फोनवर बाई अजून विचारतात, “वॉर्ड कोरडा हाये न?” त्या गेल्या त्या दिवशी मी मुद्दाम माल आणायला गडचिरोलीला निघून गेलो. गाडीत बसलेल्या बाई मला बघायच्या नव्हत्या. म्हणून माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्याच्या आधीच्या रविवारचं.

सुमेधला मुलगी झाली होती. प्रवासापुरती मोठी झाल्यावर तो बायकोला आणि लेकीला घेऊन पहिल्यांदा धानोऱ्याला आला. बाईंनी त्या दिवशी नोकरीतली पांढरी साडी नेसली होती. अंगणात आम्ही सगळे होतो, रेहाना डिंकाचे लाडू घेऊन, वनिता तिच्या पोरांना घेऊन. घर लख्ख. वॉर्डात मी सकाळीच पाटावर बसून आलो होतो, काहीही नव्हतं. सुमेध स्वतः त्या खोलीत जाऊन आला आणि म्हणाला, “आई, मानलं तुले. आमच्या फ्लॅटपेक्षा साफ हाये.” बाईंनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. आम्ही जिंकलो होतो. बाई आणखी दहा वर्षं इथून हलत नाहीत असं मला त्या क्षणी वाटलं.

सुनेनं बाळ बाईंच्या मांडीवर दिलं. बाईंनी आधी पेशंट तपासला. डोळे, बेंबी, बोटं, वजनाचा अंदाज. मग बाळाला उचललं आणि त्यांचं तोंड आपसूक टाळूकडे गेलं, जुन्या सवयीनं. तिथेच राहिलं. त्यांनी एकदा श्वास ओढला. पुन्हा ओढला. मला पाठमोऱ्या दिसत होत्या, पण श्वासाबरोबर खांदे वर जाताना दिसत होते.

त्यांनी मान वर केली आणि मागे वळून गर्दीत मला शोधलं. काय येणार ते मला कळलं. मी मानेनं नाही म्हटलं, डोळ्यांनी नाही म्हटलं. सुमेध त्यांच्या शेजारीच उभा होता.

“रहीमभाऊ,” बाई म्हणाल्या, “नाक द्या जरा.”

“नाक?” सुमेध हसत म्हणाला. “कायचं नाक आई?”

“माह्यं नाई राह्यलं बाबू. करोनापासून.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “येईन मी तुह्यासंग. ते मंग बोलू. आधी थांब.”

सुमेधचं हसू तसंच राहिलं, मग उतरलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. हात धुतले, उपरण्याला पुसले आणि बाईंसमोर गुडघे मोडून बसलो. पाटाची सवय होतीच. बाईंनी बाळ माझ्या नाकाशी आणलं.

“बोला.”

“दूध हाये.”

“हां.”

“खोबऱ्याचं तेल हाये.”

“हां. अन्?”

अजून काहीतरी होतं. मी पुन्हा श्वास घेतला. तांदूळ हुंगून कोणत्या मिलचा ते सांगणारा मी, पण शब्द मिळेना. मोगरा म्हणून टाकावं, केवडा म्हणून टाकावं, बाईंना बरं वाटेल, असं क्षणभर मनात आलं. पण खोटं नाक त्यांना चालत नव्हतं.

“अन् एक आनखी हाये बाई,” मी म्हटलं. “पण त्याले काय म्हणाव, मले सांगता नाई येत.”

बाईंनी बाळाला छातीशी घेतलं आणि डोळे मिटले.

“तोच,” त्या म्हणाल्या.